हातात किती पडते? : रक्तातील टेस्टोस्टेरॉनचा हिशेब

एखादा पदार्थ रक्तात किती आहे हे मोजले, म्हणजे तो शरीराच्या किती कामी येतो हेही कळले, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत तो चालूनही जातो. परंतु टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या बाबतीत तो साफ फसवा ठरतो. आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तपासण्यात गेली, आणि जे काही शिकलो ते पुस्तके मागून आणून शिकलो. तरीही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस आम्ही करतो, कारण हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे. कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांतील फरक ज्याला कळतो, त्याला हा विषय कळण्यास काहीच अडचण नाही.

प्रश्न हिशेबाचा असला तरी त्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते. चुकीच्या आकड्यावर विसंबून एखाद्या धडधाकट माणसाला जन्मभराची इंजेक्शने सुरू होतात. आणि दुसऱ्या एखाद्या खरोखरच्या आजारी माणसाला 'तुमचे सर्व ठीक आहे' असे सांगून घरी पाठविले जाते. दोघांचेही नुकसान होते, आणि त्यांपैकी कोणीही लाजेपोटी चारचौघांत बोलत नाही.

या पदार्थाची ओळख

१८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर एक प्रयोग केला. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही, झुंजत नाही, हे कोणत्याही खेडुताला ठाऊक असते. बर्टोल्डने काढलेले वृषण परत कोंबड्याच्या पोटात, मूळ जागा सोडून दुसरीकडेच बसविले. तुरा पुन्हा वाढला, आरवणे पुन्हा सुरू झाले. याचा अर्थ असा की, वृषणातून काहीतरी द्रव्य रक्तात मिसळते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर आपला अंमल चालविते. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती येण्यास पुढे शहाऐंशी वर्षे लागली. १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे लाक्योर यांच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या वृषणांतून ते वेगळे केले व त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

टेस्टोस्टेरॉनचे काम केवळ पुरुषत्वाशी निगडित आहे असे नव्हे. हाडांची बळकटी, स्नायूंची भरण, तांबड्या रक्तपेशींची निर्मिती, मनाची उभारी या सर्वांत त्याचा वाटा असतो. स्त्रियांच्या शरीरातही ते असते, मात्र पुष्कळ कमी. पुरुषांत ते किती तयार करावयाचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी सोडते. तो हुकूम म्हणजे एल. एच. नावाचे संप्रेरक होय. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की हुकूम मंदावतो. कमी झाले की वाढतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

रक्तातील तीन वाटे

टेस्टोस्टेरॉन रक्तातून एकटेदुकटे फिरत नाही. त्याचा मोठा हिस्सा रक्तातील प्रथिनांना चिकटलेला असतो. त्याचे तीन वाटे पडतात. पहिला वाटा यकृतात तयार होणाऱ्या एका खास प्रथिनाला घट्ट बांधलेला असतो. या प्रथिनाला डॉक्टर मंडळी एस. एच. बी. जी. म्हणतात, आपण त्याला येथे 'बांधणारे प्रथिन' म्हणू. निरोगी पुरुषात साधारण निम्मे टेस्टोस्टेरॉन याच्या ताब्यात असते. दुसरा वाटा अल्ब्युमिन या सर्वसाधारण प्रथिनाला सैलसर चिकटलेला असतो; हाही जवळजवळ तितकाच. उरलेला तिसरा वाटा पूर्णपणे मोकळा असतो, आणि तो शेकडा दोनच्या आसपास असतो.

आता पगाराची चिठ्ठी डोळ्यांपुढे आणावी. फंडात कापली गेलेली रक्कम कामगाराचीच असते, पण उद्या सकाळी दळण आणावयाचे झाले तर ती कामी येत नाही. बांधणाऱ्या प्रथिनाच्या ताब्यातले टेस्टोस्टेरॉन हे असे फंडात अडकलेले आहे. अल्ब्युमिनला चिकटलेले टेस्टोस्टेरॉन म्हणजे पतपेढीतील बचत. गरज पडताच चटकन काढता येते. आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन म्हणजे खिशातले रोख पैसे. खिशातले आणि पतपेढीतले मिळून जे होते, त्यालाच जैविकदृष्ट्या कार्यक्षम टेस्टोस्टेरॉन म्हणतात. पेशींच्या उपयोगी पडणारे ते हे. नेहमीच्या तपासणीत मात्र मोजतात ते एकूण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे कागदावरचा पगार.

फंडाची कपात सर्वांची सारखी असती तर कागदावरच्या आकड्यावरून हातातल्या रकमेचा अंदाज बांधता आला असता. येथेच सारी मेख आहे. बांधणारे प्रथिन माणसामाणसांत फार कमीजास्त असते. वाढत्या वयाबरोबर ते वाढते. थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली, यकृत खराब झाले, फेफऱ्यावरची काही औषधे चालू असली, तर ते वाढते. उलटपक्षी लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉईडचे मांद्य, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाण्याचा विकार, स्टेरॉईडची औषधे यांमुळे ते घटते. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. परंतु चोरून पिणाऱ्यांची यकृते बंदी पाळीत नाहीत. अशा माणसात एका बाजूने वृषणांचे उत्पादन घटते आणि दुसऱ्या बाजूने कपात वाढते.

दोन माणसांचा हिशेब

१९९९ साली बेल्जियममधील व्हर्म्यूलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. एकूण टेस्टोस्टेरॉन, बांधणारे प्रथिन आणि अल्ब्युमिन हे तीन आकडे घातले की मोकळा आणि कार्यक्षम वाटा गणिताने निघतो. ते सूत्र घेऊन आम्ही समजुतीपुरती दोन उदाहरणे सोडविली. ही माणसे काल्पनिक आहेत, गणित मात्र खरे आहे. दोघांचेही अल्ब्युमिन सारखेच, ४.३ ग्रॅम धरले आहे.

पहिला माणूस चाळिशीतला, सुटलेल्या पोटाचा, मधुमेही. त्याचे एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर; बांधणारे प्रथिन १५ नॅनोमोल प्रति लिटर. दुसरा सत्तरीकडे झुकलेला, शिडशिडीत. त्याचे एकूण टेस्टोस्टेरॉन ४५०. बांधणारे प्रथिन मात्र ९०. कागद पाहून कोणीही म्हणेल की पहिला तुटीत आहे आणि दुसरा खाऊनपिऊन सुखी आहे. सूत्र काय सांगते? पहिल्याचे कार्यक्षम टेस्टोस्टेरॉन सुमारे २०० भरते. दुसऱ्याचे जेमतेम १०४. म्हणजे कागदावर दीडपट पगार असलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याच्या निम्मेच पडतात!

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. युरोपातील आठ केंद्रांत ४० ते ७९ वर्षे वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी होऊन २०१० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वयपरत्वे येणारी टेस्टोस्टेरॉनची खरी तूट कोणाला म्हणावे? पाहणी करणाऱ्यांनी तीन गोष्टी एकत्र मागितल्या: कामेच्छा व कामशक्ती यांसंबंधी ठरावीक तीन लक्षणे असावीत, एकूण टेस्टोस्टेरॉन कमी असावे, आणि मोकळे टेस्टोस्टेरॉनही कमी असावे. या कसोटीला उतरले शेकडा दोनच्या आसपास पुरुष. म्हणजे थकवा जाणवणाऱ्या प्रत्येकाला ही तूट आहे, असे मुळीच नाही.

मोजण्याच्या रीती

संप्रेरके रक्तात इतकी अत्यल्प असतात की ती मोजणे दीर्घकाळ दुरापास्त होते. ही अडचण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका सरकारी रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९ च्या सुमारास सोडविली. किरणोत्सर्गी खूण लावून रेणू मोजण्याची त्यांची रीत प्रथम इन्शुलिनसाठी निघाली व पुढे सर्व संप्रेरकांना लागू पडली. यॅलोबाईंची पहिली प्रयोगशाळा म्हणजे झाडूवाल्याचे सामान ठेवण्याची खोली होती. शोधाचे पेटंट घेऊन त्यावर पैसा करण्याचे दोघांनीही नाकारले. बर्सन १९७२ साली निवर्तले. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईत, गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या परळचे घड्याळ चाले त्याच परळात, १९६३ साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले, आणि ही विद्या महाराष्ट्रात रुजली.

एकूण टेस्टोस्टेरॉन मोजणे त्यामुळे सोपे झाले. मोकळा वाटा मोजणे मात्र अजूनही कष्टाचे आहे. सर्वांत विश्वसनीय रीत अशी: एका पातळ पडद्याच्या एका बाजूस रक्तद्रव व दुसऱ्या बाजूस क्षारांचे पाणी ठेवतात. पडद्याची छिद्रे इतकी बारीक असतात की प्रथिने पलीकडे जात नाहीत. मोकळे टेस्टोस्टेरॉन मात्र जाते. शरीराच्या उष्णतेवर कित्येक तास ठेवून दोन्ही बाजू समतोल झाल्या की पलीकडचे मोजावयाचे. कार्यक्षम वाटा मोजण्याची रीत आमच्या शेतकरी बंधूंना ओळखीची वाटेल. त्यात अमोनियम सल्फेट वापरतात. खत म्हणून शेतात घालतात तेच, फक्त शुद्ध केलेले. ठरावीक प्रमाणात ते रक्तद्रवात मिसळले की बांधणारे प्रथिन आपल्या ताब्यातल्या टेस्टोस्टेरॉनसह तळाशी बसते. वर उरते ते कार्यक्षम. तिसरी रीत म्हणजे वर सांगितलेले सूत्र. एकूण टेस्टोस्टेरॉन, बांधणारे प्रथिन व अल्ब्युमिन नीट मोजलेले असल्यास सूत्राचे उत्तर व्यवहारात पुरेसे ठरते.

चौथी रीतही बाजारात आहे, आणि तिच्यापासून सावध राहावे. यंत्रात रक्त घालून 'फ्री टेस्टोस्टेरॉन'चा आकडा थेट काढून देणारी ही स्वस्त तपासणी होय. संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनांनी ती भरवशाची नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. अहवालावर 'फ्री' हा शब्द छापलेला असला तरी तो कोणत्या रीतीने काढला, हे विचारल्यावाचून त्यावर विसंबू नये.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येकाला कार्यक्षम टेस्टोस्टेरॉनची तपासणी लागते असे नाही. एकूण आकडा अगदीच कमी असेल किंवा चांगला भरपूर असेल, तर बहुधा तेवढ्याने भागते. आकडा सीमेवर असेल, किंवा बांधणारे प्रथिन कमीजास्त करणारा एखादा विकार वा औषध असेल, तेव्हा ही तपासणी निर्णायक ठरते.

रक्त केव्हा घेतले?

हा प्रश्न कामगारांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढते, सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस कलताना उतरते. जेवणानेही ते खाली येते; ग्लुकोजचे पाणी पाजून केलेल्या तपासणीत ते जवळजवळ चतुर्थांशाने घटलेले आढळले आहे. अंगात ताप असला, मोठे आजारपण नुकतेच झाले असले, तरीही ते घटते. म्हणून नियम असा की, रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्यावे, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी तसेच घेऊन पुन्हा ताडून पाहावा. एका आकड्यावर निदान करू नये.

परंतु रात्रपाळीच्या माणसाची सकाळ कोणती? बारा तास यंत्रापुढे उभा राहून जो सकाळी सात वाजता सुटतो, त्याचे रक्त आठ वाजता घेतले तर घड्याळाने ते सकाळचे असते, शरीराने मात्र ते दिवसअखेरचे असते. अशा माणसाने पुरेशी झोप घेऊन उठल्यावर दोन-तीन तासांत, काही न खाता रक्त द्यावे. शक्य तर दिवसपाळीच्या आठवड्यात द्यावे. सूतगिरणीतील एका चव्वेचाळीस वर्षांच्या गड्याने आपला अहवाल आमच्याकडे आणला होता. आकडा २९० च्या आत. रक्त घेतलेले दुपारी चारला, भरल्या पोटी, रात्रपाळीनंतर न झोपता. त्यावरून एका दवाखान्याने त्याला कायमची इंजेक्शने सांगितली होती. त्याने रीतसर दोनदा पुन्हा तपासून घेतले तेव्हा आकडा ठीक निघाला. रक्तातली साखर मात्र वाढलेली सापडली. त्याला औषध लागत होते ते मधुमेहाचे.

उपचार कोणाला, आणि कशासाठी?

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पिट्युइटरी ग्रंथीला वाटते, माल पुरेसा आहे. ती हुकूम थांबविते. वृषणे काम सोडतात आणि शुक्रजंतू तयार होणे बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने तर या इंजेक्शनांची पुरुषांचे संततिप्रतिबंधक साधन म्हणून पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. म्हणून मूल हवे असलेल्या तरुणाने 'शक्ती'साठी ही इंजेक्शने घेणे म्हणजे बियाणे भाजून पेरण्यासारखे आहे. औषध थांबविल्यावर उत्पादन बहुधा परत सुरू होते, पण त्यास महिनोन् महिने लागतात.

आकडा खरोखरच कमी असेल तर आधी कारण शोधावे लागते. त्यासाठी एल. एच. मोजतात. हुकूम जोरात आहे आणि माल नाही, तर दोष वृषणांत. हुकूमच येत नाही, तर दोष वर. तेथे गाठही असू शकते. ती न शोधता इंजेक्शने दिली तर आकडा सुधारतो आणि गाठ वाढत राहते.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनासाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. या आजारात मुलगे उशिरा वयात येतात आणि काहींच्या वृषणांनाही इजा पोचते. अशांची तूट खरी असते, तिच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. पण टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, म्हणून त्यांच्या बाबतीत दुप्पट जपावे लागते. इतरांतही रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा शेकडा ५४ च्या वर गेला की औषध थांबवितात. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांना हे औषध देत नाहीत. तेथे उपचार नेमका उलटा असतो. १९४१ साली हगिन्स यांनी दाखविल्याप्रमाणे टेस्टोस्टेरॉन खाली आणल्याने तो कर्करोग आवरतो. स्त्रियांच्या बीजकोशांच्या पीसीओएस या विकारात पुन्हा तोच हिशेब आढळतो: बांधणारे प्रथिन घटल्याने एकूण आकडा बरा दिसूनही मोकळा वाटा वाढतो, पाळी बिघडते आणि चेहऱ्यावर केस येतात.

आणि थकव्याचे काय? अमेरिकेत ६५ वर्षांवरील, कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या ७९० पुरुषांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. कामजीवनात माफक सुधारणा दिसली. थकवा मात्र औषधाने विशेष हटला नाही. २०२३ साली ५,२०० हून अधिक पुरुषांच्या पाहणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात औषधामुळे वाढले नाहीत, हा दिलासा मिळाला. पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. तेव्हा औषध निरुपयोगी नाही आणि निर्धोकही नाही. ज्याला तूट आहे त्याला ते वरदान आहे. ज्याला नाही त्याच्या गळ्यात ते विनाकारण बांधलेले लोढणे आहे.

आमच्या अनुभवाप्रमाणे गिरणीतल्या गड्याच्या थकव्याची कारणे बहुधा निराळीच निघतात: पाळ्यांची ओढाताण, वैशाखातल्या पत्र्याखालची उष्णता, रक्तक्षय, मधुमेह, कर्जाची चिंता, अपुरी झोप. त्यांवर इंजेक्शन हा उतारा नव्हे. पाळीचे तास कमी करून घेणे, पंखे आणि थंड पाणी मिळविणे हा उतारा आहे, आणि तो एकट्याने मिळत नाही.

रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'कमजोरी'च्या जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत. कामशक्ती वाढविणाऱ्या औषधांची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती तो कायदा वाचीत नाहीत. लाजेने गप्प बसलेला माणूस हेच त्या धंद्याचे भांडवल होय. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून आणि सावंगीला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे मोकळेपणाने जाऊन बोलावे. यात लाजण्यासारखे काही नाही. थायरॉईड किंवा साखर कमीजास्त व्हावी तसेच हे आहे.

जाताना सोबत चार प्रश्न न्यावेत. माझे रक्त कोणत्या वेळी, पोटी काय असताना घेतले? आकडा दोनदा ताडून पाहिला काय? बांधणारे प्रथिन मोजले काय, आणि कार्यक्षम वाटा कोणत्या रीतीने काढला? तूट असल्यास तिचे कारण काय, आणि औषध सुरू झाल्यावर रक्ताची तपासणी किती महिन्यांनी होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. पूर्वी पगाराची चिठ्ठी न वाचताच कामगार अंगठा उठवीत असत. ती वाचावयास ते शिकले तेव्हाच कपातीतली लबाडी उघडी पडू लागली. रक्ताचा अहवाल हीदेखील एक चिठ्ठीच आहे, आणि तीही वाचून घेण्याचा आपणांस हक्क आहे.